अर्थ सांगणारीचा श्रावण

ऑगस्ट लागला की मेनूथमध्ये दोन गोष्टी एकदम पिकतात. कॅनॉलच्या काठच्या झुडपांवर ब्लॅकबेरी आणि दुकानांच्या दारांत शाळेचे गणवेश. आमच्या फ्रिजवरचं अमरावतीहून आलेलं कॅलेंडर त्याच सुमारास श्रावण लागल्याचं जाहीर करतं. नुसतं आभाळाकडे बघून इथे श्रावण ओळखता येत नाही, कारण ऊन-पावसाचा तो खेळ आयर्लंडमध्ये बाराही महिने चालूच असतो. कॅलेंडर लागतंच. परवा पान उलटलं, सोमवारांवर खुणा केल्या, साबुदाणा संपलाय हे आठवलं, आणि हातात पेन तसंच धरून मी बराच वेळ उभी राहिले. मला आईचा श्रावण आठवला होता. मेनूथमधला तिचा एकुलता एक.

बाबा गेले त्या हिवाळ्यानंतरचा तो उन्हाळा. अमरावतीहून भावाचा फोन यायचा, "ताई, आई जेवते, झोपते, सगळं करते. फक्त बोलत नाही." मग तिचा व्हिसा, तिकीट, व्हीलचेअरची सोय असं सगळं करून तिला तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. विमानतळावर ती बाहेर आली ती सहावारीवर माझ्या भावजयीचं कार्डिगन घालून, आणि काखेत तांबड्या फडक्यातलं एक गाठोडं दाबून. मी ते लगेच ओळखलं. आमच्या घरची पोथी! बरोबर आणलीय म्हणजे वाचणार, असं मनात म्हणून मी गाडीत जरा जास्तच आनंदानं बडबड केली.

घरी आल्यावर तिनं पाणीही न पिता विचारलं, "येथी ओल कोठी लागत नाई वं?"

आयर्लंडमध्ये ओल न लागणारी जागा म्हणजे हॉट प्रेस. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं ते कपाट. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो. त्यात टॉवेल, चादरी, माझ्या नवऱ्याचे पायमोजे. त्या सगळ्यात वरच्या फळीवर आईनं गाठोडं ठेवलं, हात जोडले आणि दार लावून घेतलं. नंतर ते दार आम्ही रोज उघडत होतो, टॉवेल काढत होतो. गाठोड्याला कोणी हात लावत नव्हतं, आईसुद्धा नाही.

दर्यापूरच्या आमच्या जुन्या घरी श्रावणात पोथी लागायची. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पोथीला दोन माणसं लागतात. एक वाचक, तो ओवी वाचतो. दुसरा सूचक, तो तिचा अर्थ सांगतो. ओवी जुन्या मराठीतली, अर्थ आजच्या बोलीतला. आमच्याकडे वाचक आई आणि सूचक बाबा. बाबा पोस्टात होते, त्यामुळे कोणाला कसं सांगितलं की कळतं हे त्यांना पक्कं माहीत. ओसरीवर दळण टाकून आलेल्या बाया, समोरचे टेलरकाका, झोपेला आलेली आम्ही पोरं. आई चालीवर वाचायची, थांबायची, बाबा अर्थ सांगायचे, बायांच्या माना हलायच्या, आई पुढची ओवी घ्यायची. घरात एरवी दोघांचं फार बोलणं नसे. भाजी काय, विजेचं बिल भरलं का, एवढंच. मला वाटतं, वर्षभराचं सगळं बोलणं ते श्रावणासाठी राखून ठेवत असावेत.

मेनूथमध्ये श्रावण लागला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, पोथी लावायची ना?"

"सांगनारा गेला," ती म्हणाली. "नुसतं वाचून काय करू?"

तिच्या आवाजात रड नव्हती, नळाला पाणी नाही म्हणावं तसं ती म्हणाली. मलाच कसंसं झालं. त्या श्रावणात मला दुसरं काही नको होतं. आईनं पोथी उघडावी, मोठ्यानं वाचावं, आणि तिचा तो आवाज घेऊन परत जावं. पण सूचक कुठून आणायचा? मी स्वतः? मी सॉफ्टवेअरच्या चुका शोधून पोट भरते. जुन्या ओव्यांतलं निम्मं मला कळत नाही, आणि जे कळतं ते सांगायला गेले तर मीटिंगचा वृत्तांत होतो. नवरा पुण्याचा, त्याला सांगावं तर तो आईच्या वऱ्हाडीलाच दाद देत बसतो.

राहिली इरा. माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची नाही. आदल्या वर्षी अमरावतीला मामेभावंडं तिच्या मराठीला खो खो हसली होती. पोरंच ती, प्रेमानंच हसली. पण इरानं तेव्हापासून जे तोंड मिटलं ते मिटलंच. आपण मराठीत विचारायचं, तिनं पक्क्या किल्डेअरच्या, म्हणजे आमच्या इथल्या जिल्ह्याच्या, इंग्रजीत उत्तर द्यायचं. आजीला ते इंग्रजी कळेना. मग एकाच टेबलाशी एक गप्प आजी, दुसरी कानात इअरफोन घातलेली नात आणि मध्ये मी, दोघींचा निरोप्या. "आजी विचारते भूक लागली का?" "तिला सांग, आय'म ग्रँड." "ती ग्रँड आहे, आई." असं आमचं चालायचं. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीक.

आमच्या शेजारी ब्रीड राहते. आता ऐंशीच्या घरात आहे, तेव्हाही फार मागे नव्हती. जन्मभर तिनं कॉलेजात जुन्या भाषा शिकवल्या. ख्रिस्ती धर्मग्रंथ ज्या काळात तयार झाले त्या काळातल्या ग्रीक, हिब्रू, अरामी, सिरियाक. एवढी विद्या पोटात घेऊन ही बाई रोज कुंपणावरून विचारते काय, तर आज कचऱ्याचा हिरवा डबा की निळा? तर एका दुपारी ती ब्लॅकबेरी घेऊन येत होती आणि तेवढ्या चार पावलांत पावसानं तिला गाठलं. मी टॉवेल द्यायला हॉट प्रेस उघडला. ती मागेच उभी होती. डोकं पुसता पुसता तिला ते तांबडं गाठोडं दिसलं.

"आणि ते काय?"

मी सांगितलं. पोथी, वाचक, सूचक, सगळं. ब्रीडनं टॉवेल खाली केला. केस तसेच ओले.

"अगं, हे तर मी चाळीस वर्षं वर्गात सांगत आलेय," ती म्हणाली.

मग स्वयंपाकघरात चहा घेताना तिनं जे सांगितलं ते मी आईला मराठीत सांगत गेले. येशूच्या काळात ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथ वाचला जायचा तो हिब्रूत. पण घरात, शेतात, नावेवर लोक बोलायचे अरामी. हिब्रू पुष्कळांना नीट कळायची नाही. म्हणून वाचणाऱ्याच्या शेजारी दुसरा एक माणूस उभा राहायचा. पहिल्यानं एक ओळ वाचायची, दुसऱ्यानं ती अरामीत सांगायची. पुढच्या काळात त्याचे नियमही लिहून ठेवले गेले. सांगणाऱ्यानं पानाकडे बघायचं नाही, नाहीतर लोकांना वाटेल की तो सांगतोय तेच लिहिलंय. वाचणाऱ्यानं त्याला मधेच सुचवायचं नाही. आणि दोघांनी एकमेकांवर आवाज चढवायचा नाही.

आईनं पहिल्यांदाच कोणाकडे नीट मान वर करून पाहिलं. "आमच्यातबी तसंच," ती म्हणाली. "ह्याईच्या मधात बोललेलं ह्याईले खपेच ना."

ह्याईले म्हणजे बाबांना. सहा महिन्यांत तिनं त्यांचा असा साधा उल्लेख केला नव्हता. मी हे भाषांतर करून ब्रीडला सांगितलं, आणि बाबा हिवाळ्यात गेले तेही. ब्रीडनं आईच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या आईला विचार, माझ्यासाठी थोडंसं वाचेल का? मला एक अक्षर कळणार नाही. म्हणजे सांगणारा लागेलच."

"वाचीन," आई म्हणाली. पाहुणीला नाही म्हणणं तिच्या रक्तातच नाही. "पन इले सांगन कोन?"

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. रिलीजचा दिवस होता. "इरा, जरा बघ गं," म्हणत मी वर पळाले. त्या फोनचे मी आजही उपकार मानते; ऑफिसबद्दल एरवी असं काही वाटत नाही.

खाली आले तेव्हा पाटावर पोथी उघडी होती. आई ओवी वाचत होती, मग थांबून वऱ्हाडीत तिचा अर्थ सांगत होती, आणि इअरफोन गळ्यात लोंबणारी इरा तो इंग्रजीत ब्रीडला सांगत होती. "सो द किंग इज लाइक, नो वे." ब्रीड गंभीरपणे मान डोलवत होती. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसले.

आईनं अर्थातच पोथी लावली असं कबूल केलं नाही. "हे पाहुनीसाठी हाये," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी चारलाच तिनं समई घासली. ब्रीड रोज सहाला येऊ लागली, हातात कधी ब्राऊन ब्रेड, कधी बागेतले मटार. बाहेर नऊ वाजेपर्यंत उजेड, त्यामुळे दिवेलागण कधी झाली म्हणायची हा प्रश्नच होता. आईनं तो सोडवला: ब्रीड आली की दिवेलागण. पानाकडे बघायचं नाही हा नियम इरानं न शिकताच पाळला. जुन्या छापाची ती पोथी तिला वाचताच येत नव्हती. पण रोज ऐकून जुने शब्द तिच्या कानात बसू लागले होते.

अध्याय संपला की चहा, आणि चहाबरोबर ब्रीडच्या गोष्टी. त्या गोष्टींत कोणी एकाच भाषेचा नसायचा. गालीलच्या तळ्यावरचा मासेमार घरात अरामी बोलणार, प्रार्थना हिब्रूत ऐकणार, मासे विकताना कामापुरतं ग्रीक फेकणार, आणि रोमन शिपायाच्या तोंडून कानावर पडेल तेवढं लॅटिन. इराला हे पटेना. एवढ्या भाषा, तेही शाळेत न जाता? ब्रीड हसली. ती पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिश बोलणाऱ्या गावातली. "माझी आई प्रार्थना लॅटिनमध्ये ऐकायची, आम्हाला रागवायची आयरिशमध्ये आणि अंडी विकायची इंग्रजीत," ती म्हणाली. हे आईला सांगितल्यावर आईनं बोटांवर मोजत आपला हिशेब मांडला. देवाचं जुन्या मराठीत नाहीतर संस्कृतात, घरचं वऱ्हाडीत, बाजारातलं हिंदीत, आणि ब्यांकेतले कागद इंग्रजीत. "मंग त्याह्यचं अन् आपलं सारखंच हाये की," ती म्हणाली, आणि त्या प्राचीन मासेमाराला तिनं दर्यापूरच्या बाजारात आणून बसवलं.

एक गोष्ट मला तेव्हापासून सोडत नाही. येशू बोलला असणार अरामी, पण त्याचं बोलणं लिहिलं गेलं ते ग्रीकमध्ये, म्हणजे बाजाराच्या भाषेत. सगळं बदललं, फक्त काही मोजके शब्द त्या ग्रीकमध्ये तसेच राहिले. बापाला मारलेली हाक, अब्बा. ("आपला सलीम टेलर त्याच्या बापाले अब्बाच म्हने," इति आई.) आणि गेलीच म्हणून रडारड चाललेल्या एका लहान मुलीचा हात धरून तिला म्हटलेलं तलिथा कूम, म्हणजे पोरी, ऊठ. लिहिणाऱ्यानं पुढे ग्रीकमध्ये अर्थ दिला, पण आधी ते शब्द तसेच ठेवले. का ठेवले, हे ब्रीडलाही छातीठोक सांगता येत नाही. मी मात्र इराकडे बघत होते. तिच्या धावत्या इंग्रजीत तेव्हाही काही मराठी शब्द जागच्या जागी होते. आजी. वरण. नको. आणि पडली, भाजलं, की आधी आई गं, मग बाकीचं इंग्रजी. भाषा बदलताना माणूस सगळं सामान हलवतो, पण काही वस्तूंना दुसऱ्या घरात जागाच सापडत नाही, त्या हातातच धरून ठेवाव्या लागतात.

आणखी एका संध्याकाळी ब्रीडनं पश्चिमेकडून यरुशलेमला गेलेल्या एका यात्रेकरू बाईबद्दल सांगितलं. फार जुनी, येशूनंतर तीनेकशे वर्षांनी गेलेली. तिनं तिथे पाहिलं की मोठे धर्मगुरू ग्रीकमध्येच बोलतात, शेजारी एकजण ते तिथल्या बोलीत सांगतो, आणि ज्यांना फक्त लॅटिन येतं त्यांना दोन्ही भाषा येणारे कोणीकोणी समजावून देतात. कशासाठी? तर त्यांना वाईट वाटू नये म्हणून. बाईनं हे कारण लिहून ठेवलंय. मी हे आईला सांगितलं. एवढी मोठी शास्त्रं, एवढे भाषांतरकार, आणि मुळाशी कारण काय, तर कडेला बसलेल्याला वाईट वाटू नये.

हे सगळं छान चाललेलं असताना मला मात्र एक धास्ती होती. पोथीत पुढे राणीचा अध्याय होता. राजा लढाईत पडतो आणि राणी त्याच्या रिकाम्या आसनापुढे बसून विलाप करते. तिथे पोहोचल्यावर आई मिटून गेली तर? अर्धी राहिलेली पोथी तिच्या लेखी न लावलेल्या पोथीपेक्षा वाईट. आणि तिचं परतीचं विमान जवळ येत चाललेलं. मी धीर करून म्हटलं, "आई, तो अध्याय गाळूया का? ब्रीडला काय कळतंय?"

"अध्याय गाळत नसतेत," आई म्हणाली. पण त्या दिवशी तिनं वाचता वाचता पुढची पानं चाचपून पाहिली, किती राहिलीत ते. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही.

ती संध्याकाळ आली तेव्हा बाहेर बारीक पाऊस होता, छत्री उघडावी की नाही अशा बेताचा. ब्रीड शाल गुंडाळून खुर्चीत. इरा खाली सतरंजीवर, मांडी घालून. आईनं सुरुवातीच्या ओव्या नेहमीसारख्या वाचल्या. लढाई झाली, निरोप आला, राणी दरबारात आली. आईनं अर्थ सांगितला, इरानं पुढे ब्रीडला दिला. मग विलापाची पहिली ओवी. आईनं तीही वाचली. आवाज हलला नाही, चाल चुकली नाही. ओवी पूर्ण झाली आणि अर्थाच्या जागी ती थांबली.

थांबली ती थांबलीच. ओठ हलले, आवाज आला नाही. तिचं बोट ओवीखाली तसंच. मेनूथचे हे काही दिवस सोडले तर इतकी वर्षं त्या जागी तिला बोलावं लागलंच नव्हतं. त्या जागी बाबा बोलायचे. मला वाटलं, संपलं सगळं, आता ती पोथी मिटणार, फडक्यात बांधणार आणि तशीच विमानात नेणार. मी उठायला लागले.

"राहू दे," ब्रीड हळूच मला म्हणाली. "त्या काळीसुद्धा काही ओळी नुसत्या वाचायच्या असत. त्यांचं भाषांतर करायचं नाही, असा नियमच होता. सांग तिला."

मी आईला ते सांगायला लागले. "आई, ब्रीड म्हणते की काही ओव्या..."

"आजी."

इरा होती. ती ब्रीडकडे बघत नव्हती. सतरंजीवरून पुढे सरकून तिनं आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि ती बोलायला लागली, इंग्रजीत नव्हे. शब्द शोधत, अडखळत, प्रत्येक शब्दाला किल्डेअरचा हेल देत.

"आजी, ती राणी म्हणते... तू गेला. आता मी बोलते, पण तू ऐकत नाही. मी... मी कोणाला सांगू? घर खूप मोठा झाला."

ओवीत घर नव्हतं. आसन होतं. चुका काढायची माझी सवय जाता जात नाही, पण त्या क्षणी मला एकही चूक दिसली नाही. मला रडू येत होतं.

आईनं इराकडे पाहिलं. दोघींपैकी त्या ओवीचा अर्थ आईलाच जास्त ठाऊक होता. पण अशा ओवीचा अर्थ आपला आपण सांगायचा नसतो, तो दुसऱ्यानं सांगावा लागतो.

"हाव पोरी," ती म्हणाली. "मोठं झालं घर."

ब्रीडला ते कोणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. आईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, चष्मा वर केला. बोट पुढच्या ओवीखाली नेलं आणि तिथंच धरून इराकडे पाहिलं, सूचक तयार आहे का ते बघायला.

इरानं गळ्यातले इअरफोन काढून बाजूला ठेवले आणि ताठ बसली.

"वाच, आजी," ती म्हणाली.